तिकडची रांग

सुनंदा माझी सख्खी धाकटी बहीण. आणि तीन महिने आम्ही दोघी एकाच कंपनीत, एकाच छपराखाली, एकमेकींना ओळख न दाखवता काम करत होतो. ही अक्कल माझी. लग्नाआधी मीही मोरेच होते, पण लग्नानंतर कांबळे झाले, आणि कांबळे म्हटलं की समोरच्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. मोरे मात्र कुणीही असू शकतं. म्हणून तिला कामाला चिकटवली तेव्हाच मी बजावलं होतं, "आत मला ताई म्हणायचं नाही. गळ्यातलं ते निळं पदक घरी ठेव. कुणी नाव विचारलं तर मोरे म्हणायचं आणि गप बसायचं."

"आणि कुठले मोरे विचारलं तर?"

"बदलापूरचे म्हणायचं. खोटं आहे का ते?"

साल शहाऐंशी. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची कंपनी विजेची बटणं बनवायची. बटणाच्या पोटात पितळेची पट्टी असते आणि तिच्या टोकाला मुगाच्या डाळीएवढा चांदीचा ठिपका. त्याला पॉइंट म्हणायचं. हातप्रेसवर तो पट्टीला ठोकायचा, आणि दिवसभर ठोकत राहायचा. प्रेसवर आम्ही वीस बायका. चांदीचं काम म्हटल्यावर मालकाला झोप कुठली? साडेपाचला सुटी झाली की प्रत्येकीची झडती, आणि झडती झाल्याशिवाय कार्ड पंच करायचं नाही, असा नियम.

आधी सगळ्यांची झडती सुपरवायझर दिनानाथसाहेबच घ्यायचे. मग एकदा कारखान्यांचा इन्स्पेक्टर आला, बायांची झडती बाईनंच घ्यायची म्हणून डाफरून गेला, आणि मालिनीबाईंना नेमलं. नवरा गेलेला, पदरात दोन मुलं, चांगल्या घरातली बाई. हे 'चांगल्या घरातली' दिनानाथसाहेबांचे शब्द. पहिल्याच दिवशी मालिनीबाईंनी सांगून टाकलं, त्या सहाजणींना मी हात लावणार नाही. घरी सासूबाई आहेत, देवधर्म आहे, रोज संध्याकाळी डोक्यावरून आंघोळ मला जमायची नाही. त्या सहाजणी म्हणजे आम्ही.

मग दोन रांगा झाल्या. चौदाजणींची फाटकापाशी, उजेडात, मालिनीबाईंपुढे. आमची टाइम ऑफिसच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, एकेक करून, दिनानाथसाहेबांपुढे. हिला सगळे तिकडची रांग म्हणायचे.

अजूनही आठवलं की माझ्या मस्तकात तिडीक जाते. ज्या माणसाला आमचा पेला त्याच्या माठाला लागलेला चालत नव्हता, त्याच्या हाताला आम्ही बरोबर चालत होतो. पदर काढ, झटक. ब्लाउज सैल कर. परकराची नाडी सोड. चार वर्षांत त्याला माझ्याजवळ एक पॉइंट सापडला नाही, तरी त्याचं शोधणं काही संपलं नाही. आमच्यातली सगळ्यात मोठी सुंदराबाई मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "समोर क्यालेंडर हाय ना, त्याच्याकडं बघायचं बाय. रविवार शोधत बसायचं." मी चार वर्षं रविवार शोधले.

कुणी बोललंच नाही असं नाही. चांगुणा बोलली होती. आदल्या दिवाळीच्या तोंडावर तिनं साहेबाचं मनगट धरून पिरगळलं. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात, भाकरीखाली, तीन पॉइंट सापडले. चोर म्हणून काढली, दिवसभर चौकीत बसवली, आणि त्यानंतर एमआयडीसीतल्या एकाही फाटकावर तिला कुणी उभी केली नाही. तिच्या जागी जनाबाई आली आणि आम्ही पुन्हा सहा झालो. सहाही जणींनी तोंडं शिवून घेतली. घरी नवऱ्याला सांगितलं नाही. बापाला तर नाहीच.

सुनंदाची मोरे म्हणून मालिनीबाईंच्या रांगेत सोय लागली तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंद झाला. एक तरी वाचली. दुपारी ती त्या सगळ्यांबरोबर पंख्याखाली जेवायची. मालिनीबाईंना तिच्या डब्यातली लसणाची चटणी इतकी आवडायची की स्वतःहून मागून घ्यायच्या. आम्ही सहाजणी संडासाच्या बोळात बसायचो. समोरच्या भिंतीवर एक फळा टांगलेला होता, कारखान्याच्या कायद्यातली मुख्य मुख्य कलमं, मराठीत, बारीक अक्षरात. लावावा लागतो म्हणून लावलेला, आणि कुणी वाचू नये म्हणून तिथे लावलेला. पण जिथे रोज अर्धा तास बसायचं तिथे नजर दुसरीकडे जाणार तरी कुठे? मी सातवी झालेली बाई. भाकरी खाता खाता वाचायचे. पिण्याच्या पाण्याचं कलम आलं की मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. असं करता करता सबंध फळा मला पाठ झाला होता.

आमच्या आबांनी, म्हणजे धोंडिबा मोऱ्यांनी, त्या सप्टेंबरात मोतीबिंदू काढला. त्या मंगळवारी अंबरनाथच्या दवाखान्यात पट्टी सोडली, डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि आठवडाभर उजेड टाळायला सांगितलं. त्यांना धुरकट दिसत होतं. एकट्यानं बदलापूरला जाण्यापेक्षा सुनंदाबरोबर जावं, असा साधा विचार त्यांनी केला आणि रिक्षा करून आमच्या फाटकावर आले. मी तिला घातलेल्या अटी आबांना ठाऊक नव्हत्या. कशा असतील? त्यांना कळलं असतं तर त्यांनी मलाच झापलं असतं.

साडेपाच वाजले होते. दोन्ही रांगा लागल्या होत्या. मालिनीबाईंचे हात सुनंदाच्या कमरेवर होते. तेवढ्यात फाटकाच्या गजांबाहेरून आवाज आला. ज्यांना दिसत नाही ती माणसं बोलतात तसा मोठा.

"सुनंदा! हायेस का गं तिथं? जय भीम, पोरी!"

आणि पोरगी बोलून गेली, "जय भीम, आबा!"

तिचा काय दोष? पाळण्यात असल्यापासून आम्ही ही हाक ऐकतो आणि तिला उत्तर देतो. दार उघडताना, परक्या गावात, मयताला गेल्यावरसुद्धा. ऐकून गप्प राहायचं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. माझ्याही ओठांवर आलंच होतं, मी ते गिळलं. त्या गिळण्याची लाज मला आजही वाटते.

मालिनीबाईंचे हात तिच्या कमरेवरून तव्याचा चटका बसल्यासारखे उचलले गेले. त्यांनी ते पदराला पुसले. दोनदा पुसले. मग रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या डब्यातलं खाल्लं गं मी." आणि वळून ओरडल्या, "साहेब! ही तिकडची आहे."

दिनानाथसाहेब टाइम ऑफिसच्या दारात आले. त्यांनी सुनंदाला वरून खालपर्यंत पाहिलं. तो माणूस चिडला असता तरी मला एवढा संताप आला नसता. तो खूश झाला होता.

"वा, मोरे. तीन महिने फसवलंस की. म्हणजे तीन महिन्यांची झडती बाकी आहे. चल."

सुनंदा एकोणीस वर्षांची. आमच्या रांगेत पत्र्याआड काय होतं ते तिला नीट माहीत नव्हतं, पण कंपनीतल्या प्रत्येक बाईला असतो तेवढा अंदाज होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, ओठ हलत होते, पण त्या वेळीसुद्धा तिनं मला ताई म्हटलं नाही. मी घातलेली अट पाळत होती वेडी. त्या एका गोष्टीनं माझ्यातलं भय संपवलं. मी रांग सोडून पुढे आले.

"ती येणार नाही."

"तुझा काय संबंध कांबळे?"

"माझी बहीण आहे. आणि तीच काय, आजपासून आम्ही कुणीच त्या खोलीत येणार नाही. इथे घ्या झडती, फाटकापाशी, सगळ्यांसमोर, बाईच्या हातानं."

"आणि नाही घेतली तर?"

"तर आम्ही बसतो."

पंचिंगच्या घड्याळाखाली सिमेंटवर मी फतकल मारली, कार्ड हातात धरून. सुनंदा येऊन मला चिकटून बसली. मग सुंदराबाई गुडघ्यांवर हात दाबत खाली बसली, "कधीची बसायची वाट बघत हुते," म्हणाली. जनाबाई आणि बाकीच्या तिघी आल्या. सात बाया, सात कार्डं.

"बसा," साहेब हसले. "घरी चुली तुमच्या थंड पडतील, माझी नाही."

मालिनीबाईंची रांग पुढे सरकत राहिली. एक बाई जाता जाता म्हणाली, "यांचं रोजचंच काहीतरी." दुसरी म्हणाली, "काम नको असेल तर सोडावं." त्यांचा राग येत होता आणि मनात येत होतं, उद्या यांच्याच शेजारी बसून ठोकायचंय. सगळ्यात शेवटी चिखलोलीची कौसाबाई होती. आगरी बाई, अंगानं थोराड. मालिनीबाईंनी तिच्याकडे हात केले तशी ती मागे सरली.

"मना नको शिवू. आदी त्यांची घे, मंग माजी."

"तुमची रांग ही आहे ना, कौसाबाई."

"रांग बिंग मना नको सांगू. त्या खोलीत काय व्हतं त्ये आमाला म्हाईत नाय का? तुला म्हाईत नाय?" असं म्हणून ती आमच्याशेजारी बसली. आम्ही आठ झालो.

साहेबांचं हसू तिथे जरा कमी झालं. "डबे बघा यांचे," ते म्हणाले. मी याचीच वाट बघत होते. मी माझा डबा उघडला, झाकणासकट जमिनीवर पालथा घातला. चमचा, फडकं, सगळं काढून ठेवलं. पिशवी उलटी केली. उठून पदर झटकला, निऱ्या झटकल्या. सगळ्यांनी तेच केलं. आठ पालथे डबे आमच्यासमोर ओळीत.

"चांगुणाच्या डब्यात जे सापडलं ते आमच्याही डब्यात सापडायचं असेल ना साहेब," मी म्हणाले, "तर आता इथे या आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टाका."

ते लाल झाले. "शंकर! बाहेर ओढ यांना!"

शंकर वॉचमन पन्नाशीचा गरीब माणूस. तो हातातली काठी या हातातून त्या हातात करत म्हणाला, "बायांना हात कसा लावू साहेब?"

"तुमच्या साहेबांना विचारा शंकरभाऊ," मी म्हणाले. "त्यांना सवय आहे. चार वर्षांची."

मी बोलून गेले. आणि मला एकदम आठवलं की गजांपलीकडे आबा उभे आहेत.

"अंजे," बाहेरून आवाज आला. आता तो मोठा नव्हता. "काय म्हणलीस तू?"

चार वर्षं मी जे जपलं होतं ते हेच, की आबांना कळू नये. ज्या माणसानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर गावकीचं काम सोडलं, मार खाल्ला पण मेलेलं जनावर पुन्हा ओढलं नाही, त्याच्या मुलीनं रोज संध्याकाळी कॅलेंडरकडे बघत उभं राहावं? माझी मान खाली गेली होती. मग वाटलं, मान मी का घालायची? घालायची त्यानं.

मी उठून गजांपाशी गेले आणि मोठ्यानं सांगितलं. काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसत नव्हते ते बरंच झालं. "आबा, ही बाई आम्हाला शिवत नाही. विटाळ होतो तिला. म्हणून हा बाप्या आमची झडती घेतो. मागच्या खोलीत, दार लावून, अंगावरचं काढायला लावून. चार वर्षं झाली. चांगुणानं हात झटकला तर तिला चोर केली. आज सुनंदाला न्यायला निघालाय."

खोलीत नक्की काय काय होतं तेही मी सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. फाटकापलीकडे शेजारच्या कंपनीतून सुटलेली माणसं थांबली होती, तीही ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. आबा गजांना दोन्ही हातांनी धरून उभे होते. फक्त गज हलल्याचा आवाज येत होता.

"खोटं आहे!" दिनानाथसाहेब ओरडले. "हिला काढून टाकतो आत्ता!"

"काढा. पण आधी घड्याळ बघा."

सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"सायंकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत कोणत्याही स्त्रीस कारखान्यात कामावर ठेवता येणार नाही," मी म्हणाले. "कलम सहासष्ट. संडासाच्या बोळात लावलंय तुम्ही, आमच्या जेवणाच्या जागी. आमची कार्डं पंच नाहीत साहेब. म्हणजे आम्ही कामावर आहोत. सात वाजून एक मिनिटानं आठ बाया कामावर सापडतील. शेजारच्या कंपनीची युनियनची माणसं फाटकावर उभीच आहेत, इन्स्पेक्टरला फोन कुणी करायचा ते त्यांना सांगावं लागणार नाही."

"करतोच फोन, ताई," फाटकाबाहेरून कुणीतरी म्हणालं.

साहेब आत गेले. टाइम ऑफिसच्या काचेतून ते उल्हासनगरला शेठशी बोलताना दिसत होते, ऐकूही येत होते. आधी उभ्यानं बोलले, मग बसले. "हां सेठ... नहीं सेठ, वैसा कुछ नहीं... औरतें हैं सेठ, आठ... लेडीज चेकर है ना, पर वो..." मग बराच वेळ नुसतं "जी, जी" चाललं होतं. शेठला आमच्या अब्रूची पडली होती असं मला वाटत नाही. त्याला इन्स्पेक्टरची पडली होती. मला तेवढं पुरेसं होतं.

बाहेर आले ते थेट मालिनीबाईंकडे. "घ्या यांची झडती. इथे."

"साहेब, मी आधीच सांगितलं होतं..."

"मग उद्यापासून येऊ नका."

मालिनीबाई पांढऱ्याफटक पडल्या. गरज काय असते ते मला कळतं. दोन मुलं, डोक्यावर सासू, दुसरं काम नाही. एरवी मला तिची कीव आली असती. त्या दिवशी फारशी आली नाही.

आधी सुनंदा उभी राहिली. तिनं दोन्ही हात बाजूला पसरले, हनुवटी वर. मालिनीबाईंनी पदर कमरेला खोचला. दुपारी जिच्या डब्यातली चटणी खाल्ली तिच्याच खांद्याला हात लावायला त्यांना एवढं जड जात होतं. लावला. कमरेला लावला. काही सापडलं नाही. सुनंदानं कार्ड पंच केलं.

मग मी. चार वर्षांत पहिल्यांदा त्या बाईचा हात मला लागला. बाईचाच हात, थंड आणि घामेजलेला. माझ्या कानाशी ती पुटपुटली, "मला माहीत नव्हतं हो आत काय चालतं."

"पत्र्याची भिंत आहे मालिनीबाई," मी म्हणाले. "तुम्ही तिच्या अलीकडेच उभ्या असायचात."

शेवटचं कार्ड कौसाबाईनं घातलं. सहा सत्तावन्न.

बाहेर आले तेव्हा आबांसमोर जायला माझे पाय उचलेनात. आत एवढी तोंड वर करून बोलले तरी. सुनंदा पुढे गेली. आबा हवेत हात फिरवत म्हणाले, "अंजी कुठं हाय?" मी जवळ गेले. त्यांनी चाचपत माझं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि तो काढेनात. मी रडले, रस्त्यात, सगळ्यांसमोर. सुनंदा माझ्या पाठीवरून हात फिरवत "ताई, ताई" म्हणत होती. तीन महिन्यांचं सगळं 'ताई' तिनं तिथेच म्हणून घेतलं.

"उद्या किती वाजता सुटता गं?" आबांनी विचारलं.

"साडेपाचला. का?"

"मी येतो."

"आबा, डॉक्टरांनी उजेडात फिरू नका सांगितलंय."

"मला बघायचं कुठं हाय? मला हाक मारायची हाय."

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला, गैरवर्तनाचा. दिनानाथसाहेब होते तिथेच राहिले, कुणी त्यांना काढलं नाही. चांगुणाच्या नावावरचा डाग तर अजून निघायचा होता, तो काढायला पुढे दीड वर्ष गेलं. पण पत्र्याच्या खोलीला सकाळपासून कुलूप होतं, आणि दुपारी सुनंदा आपला डबा घेऊन संडासाच्या बोळात आली, मागोमाग कौसाबाई. दोघींनी फळा मोठ्यानं वाचायला घेतला, पहिल्या कलमापासून.

साडेपाचला एकच रांग लागली. मी मधेच कुठेतरी होते. मालिनीबाईंचे हात माझ्या कमरेवर आले तेव्हाच गजांपलीकडून, कालच्यापेक्षाही मोठ्यानं, हाक आली.

"जय भीम, पोरींनो!"

"जय भीम, आबा!" आम्ही सातजणी एकदम ओरडलो. आठवा आवाज कौसाबाईचा होता.

मालिनीबाईंचे हात दचकले. पण या वेळी ते उचलले गेले नाहीत.